फ(२क्ष + ६) मध्ये शिरोबिंदू नक्की कुठे जातो? कंसाच्या आत सगळं उलटं का चालतं?

अकरावीची_वही

नमस्कार. फोनवर मराठी कीबोर्डच आहे म्हणून एक्सला क्ष, वायला य आणि फंक्शनला फ लिहितेय, तेवढं समजून घ्या.

गणित असं आहे. य = फ(क्ष) हा वरच्या बाजूला उघडणारा पॅराबोला आहे आणि त्याचा शिरोबिंदू (४, −३) आहे. तर य = −२फ(२क्ष + ६) + १ चा शिरोबिंदू काढा.

उभ्या दिशेचं जमतं मला, −३ ला −२ ने गुणलं की ६, त्यात १ मिळवला की ७. घोडं अडतंय ते आडव्या दिशेला. आम्हाला शिकवलंय की कंसात अधिक असेल तर ग्राफ डावीकडे, वजा असेल तर उजवीकडे, आणि क्षला २ ने गुणलेलं असेल तर ग्राफ निम्मा आवळला जातो. पाठ आहे हे. पण आता ४ चं आधी निम्मं करून २ आणि मग ६ डावीकडे गेलं तर −४ येतं, आणि आधी ६ डावीकडे जाऊन −२ आणि मग निम्मं केलं तर −१ येतं. मागे उत्तर (−१, ७) दिलंय, म्हणजे आधी सरकवायचं आणि मग आवळायचं. पण बाहेरच्या बाजूला तर आधी गुणायचं आणि मग मिळवायचं असा क्रम आहे! मग आत चिन्ह उलटं, गुणाकाराचा भागाकार, आणि आता क्रमसुद्धा उलटा, हे सगळं का? नियम पाठ करून पेपर लिहिता येईल हो, पण मला हे पटल्याशिवाय पुढे जायचं नाहीये कारण साइन कॉसच्या ग्राफला परत हेच येणार आहे.

अजून एक, थोडं वेगळं आहे पण याच धड्यातलं. ग्राफच्या अ‍ॅपमध्ये य = क्ष² + बक्ष + ३ टाकलं आणि ब चा स्लायडर फिरवला तर शिरोबिंदू सरळ आडवाही जात नाही आणि सरळ उभाही जात नाही, कमानीसारखा वळून जातो. शेवटच्या ३ च्या जागी स्लायडर ठेवला तर मात्र सरळ वर-खाली. मग ब नक्की करतो काय?

आलेखवाला

प्रश्न चांगला विचारलायस. पहिल्या भागाचं सांगतो, दुसऱ्याला कोणीतरी येईलच.

आधी एक गोष्ट पक्की धर. शिरोबिंदू (४, −३) आहे याचा अर्थ काय, तर फ ला ४ खायला दिले की तो आपली सगळ्यात लहान किंमत देतो, म्हणजे −३. फ ला क्ष बिक्ष काही कळत नाही, त्याच्या कंसात जे येऊन पडतं तेवढंच त्याला दिसतं. कंसात ४ पडले की −३ बाहेर. मग ते ४ कुठून का आले असेनात.

आता नवीन फंक्शनमध्ये कंसात काय आहे, २क्ष + ६. मग विचारायचं एवढंच की क्ष किती घेतला म्हणजे कंसात ४ पडतील?

२क्ष + ६ = ४
२क्ष = −२
क्ष = −१

झालं. क्रम लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. आणि तो क्रम कुठून येतो तेही इथेच दिसतं बघ, समीकरण सोडवताना आपण आधी ६ पलीकडे नेले आणि नंतर २ ने भागलं. म्हणजे आधी ६ डावीकडे, मग निम्मं. तुझं दुसरं गणित हेच होतं.

का उलटं ते असं. क्षची एखादी किंमत घेतली की तिच्यावर आधी ×२ होतं, मग +६ होतं आणि मग ती फ मध्ये शिरते. पण आपल्याला क्ष माहीत नाहीये, आपल्याला माहीत आहे तो शेवटचा मुक्काम, ४. तिथून मागे यायचंय. मागे येताना जे शेवटी केलं ते सगळ्यात आधी काढावं लागतं आणि प्रत्येक क्रियेची विरुद्ध क्रिया करावी लागते. +६ शेवटी लागला होता म्हणून −६ आधी, ×२ आधी लागला होता म्हणून ÷२ नंतर. चिन्ह उलटं, गुणाकाराचा भागाकार आणि क्रम उलटा, या तिन्ही गोष्टींचं कारण हे एकच आहे, तीन वेगळे नियम नाहीयेत.

बाहेर असं होत नाही कारण तिथे आपण पुढे पुढेच चाललोय. फ ने −३ दिले, त्याला −२ ने गुणलं, ६, त्यात १, झाले ७.

विश्वास बसावा म्हणून आकडे घालून बघू. फ(क्ष) = (क्ष − ४)² − ३ घे, याचा शिरोबिंदू (४, −३) आहेच. आता शिरोबिंदूच्या आजूबाजूचे पाच बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू नवीन ग्राफवर कुठे जातो ते लिहितो:

(२, १) जातो (−२, −१) ला
(३, −२) जातो (−१.५, ५) ला
(४, −३) जातो (−१, ७) ला
(५, −२) जातो (−०.५, ५) ला
(६, १) जातो (०, −१) ला

डावीकडचे पाच बिंदू एकेक एकक अंतरावर होते, उजवीकडचे अर्ध्या एककावर आलेत, आवळला गेला तो असा. आणि मधला बिंदू आधी सगळ्यात खाली होता तो आता सगळ्यात वर आहे, कारण −२ मधल्या वजाने ग्राफ उलटा झाला. वहीत काढून बघ, हातानेच काढ.

अकरावीची_वही

खूप आभार दादा, हे पटलं! कंसात ४ पडले पाहिजेत हे वाक्य मी वहीत लाल पेनने लिहिलंय.

पण मग माझं ते −४ वालं काय होतं? म्हणजे आधी आवळून मग ६ डावीकडे सरकवणं यात चुकीचं असं काय आहे, तोही ग्राफ कुठलातरी असणारच ना? कागदावर तर काढता येतोय.

आलेखवाला

असतोच की, आणि बरोबरच असतो, फक्त तो दुसऱ्या फंक्शनचा असतो.

आडवी कुठलीही क्रिया म्हणजे समीकरणातल्या नुसत्या क्षच्या जागी काहीतरी घालणं. नुसत्या क्षच्या, पूर्ण कंसाच्या नाही. हे नीट बघ.

आधी ६ डावीकडे: क्षच्या जागी क्ष + ६. मिळालं फ(क्ष + ६). आता निम्मं आवळ: क्षच्या जागी २क्ष. मिळालं फ(२क्ष + ६). हे आपलं गणित.

आधी निम्मं आवळ: फ(२क्ष). आता ६ डावीकडे: क्षच्या जागी क्ष + ६, म्हणजे फ(२(क्ष + ६)), कंस सोडवला की फ(२क्ष + १२). याचा शिरोबिंदू काढायला २क्ष + १२ = ४, क्ष = −४. हे बघ आलं तुझं −४.

म्हणून आधी आवळूनच घ्यायचं असेल तर २ कॉमन काढ, २क्ष + ६ = २(क्ष + ३). मग आवळून ४ चे २, आणि ३ डावीकडे, −१. तेच उत्तर. दोन्ही रस्ते चालतात, फक्त कॉमन काढल्यावर सरकायचं अंतर ६ नसून ३ आहे. पेपरात बहुतेक मुलं नेमकी इथेच घसरतात, २क्ष + ६ दिसलं की डोळे झाकून ६ ने सरकवतात.

समांतर_रेषा

वरचं सगळं बरोबर आहे आणि छान सांगितलंय. मी शिकवते हा विषय म्हणून अजून एक बाजू दाखवते, कारण मुलीचा मूळ प्रश्न होता की आत उलटं आणि बाहेर सरळ का. माझं म्हणणं असं आहे की आत आणि बाहेर यात फरक मुळात नाहीच, तो आपल्या लिहिण्याच्या पद्धतीने दिसतो.

साधं उदाहरण घे बाळा. य = (क्ष − ३)² + ५. शिरोबिंदू (३, ५). इथे ३ ला वजा आहे तरी उजवीकडे, ५ ला अधिक आहे आणि वर. विचित्र वाटतं. आता ५ ला डावीकडे नेऊन लिही:

य − ५ = (क्ष − ३)²

आता सांग काय उलटं आहे? क्ष मधून ३ वजा, ग्राफ ३ ने अधिक दिशेला गेला. य मधून ५ वजा, ग्राफ ५ ने अधिक दिशेला गेला. दोघांना एकच नियम. आपण य ला एकटं ठेवायची सवय लावून घेतलीय म्हणून त्याच्याजवळचे सगळे आकडे पलीकडे जाताना चिन्ह बदलून जातात, आणि क्ष बिचारा कंसात अडकलेला असल्यामुळे त्याचे आकडे जिथल्या तिथे राहतात. एवढीच गोष्ट आहे.

तुझ्या गणितात पण हेच कर. य = −२फ(२क्ष + ६) + १ हे असं लिही:

(य − १) ÷ (−२) = फ(२क्ष + ६)

जुन्या ग्राफवर शिरोबिंदूला क्ष ४ होता आणि य −३ होता. आता त्या जुन्या ४ च्या जागी २क्ष + ६ बसलंय आणि जुन्या −३ च्या जागी (य − १) ÷ (−२) बसलंय. म्हणून

२क्ष + ६ = ४, यातून क्ष = −१
(य − १) ÷ (−२) = −३, यातून य − १ = ६, य = ७

दोन्ही समीकरणं सोडवताना आपण मागेच चाललोय. य च्या बाजूलाही शेवटी −२ ने भागलं होतं म्हणून आधी −२ ने गुणलं, आणि १ वजा केला होता तो नंतर मिळवला. म्हणजे क्रम तिथेही उलटाच आहे, फक्त आधीच सोडवून ठेवलेलं समीकरण आपल्या हातात येतं म्हणून तो सरळ दिसतो.

मला ते 'आतलं सगळं खोटं बोलतं' छाप शिकवणं अजिबात आवडत नाही. मुलांच्या डोक्यात बसतं की गणितात काही गोष्टी उगाचच उलट्या असतात, आणि एकदा ते बसलं की पुढे प्रत्येक ठिकाणी ती कारण न विचारता पाठांतर करायला लागतात. वर्तुळाचं समीकरण येईल तेव्हा (क्ष − ३)² + (य − ५)² = १६ मध्ये केंद्र (३, ५) का, हे वेगळं पाठ करावं लागणार नाही, हाच नियम आहे.

झटपट_उत्तर

एवढं लांबवायची गरज नाही असं मला वाटतं. य = अ(क्ष − म)² + न या रूपात आणायचं, शिरोबिंदू (म, न). अ कितीही असो, ताणल्याने किंवा दाबल्याने शिरोबिंदू हलत नाही, फक्त सरकवल्याने हलतो. उलटा केल्यानेही हलत नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

समांतर_रेषा

रूपाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ताणल्याने शिरोबिंदू हलत नाही हे असं मोकळं सोडलं तर मुलं फसतील, म्हणून लिहिते.

फ चा शिरोबिंदू (४, −३) आहे. २फ(क्ष) चा कुठे? (४, −६). हलला की. उभं ताणणं म्हणजे प्रत्येक बिंदूचं एक्स-अक्षापासूनचं अंतर दुप्पट करणं, त्यात शिरोबिंदूलाही सूट नाही. जे बिंदू एक्स-अक्षावर आहेत तेवढेच जागेवर राहतात, कारण शून्याची दुप्पट शून्यच. तसंच आडवं आवळलं तर वाय-अक्षावरचे बिंदू जागेवर राहतात आणि बाकी सगळे त्या अक्षाकडे ओढले जातात.

मग अ(क्ष − म)² + न मध्ये अ बदलला तरी शिरोबिंदू का हलत नाही? कारण तिथे ताणणं आधी झालंय, ग्राफचं टोक आरंभबिंदूवर असताना, आणि सरकवणं नंतर. आरंभबिंदू दोन्ही अक्षांवर आहे, तो ताणून कुठे जाणार. क्रम बदला, आधी सरकवा आणि मग ताणा, की शिरोबिंदू गेलाच.

उलटं करण्याचंही तसंच आहे. या दोन ओळी शेजारी शेजारी लिहून बघा:

य = −(क्ष − ४)² − ३
य = −[(क्ष − ४)² − ३]

पहिल्याचा शिरोबिंदू (४, −३) आणि दुसऱ्याचा (४, ३). −फ(क्ष) विचारलं असेल तर दुसरा. एका चौकटी कंसाने ६ एककांचा फरक पडतो. आणि फ(−क्ष) असेल तर आरसा वाय-अक्षावर, शिरोबिंदू (−४, −३), तोंड मात्र वरच्याच बाजूला राहतं.

घन_आणि_वर्ग

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही, मी लावतो, कारण मला हा भाग फार आवडतो आणि शाळेत याच्याकडे कोणी बघतच नाही.

य = क्ष² + बक्ष + ३. ब च्या किमती घालून शिरोबिंदू काढूया. शिरोबिंदूचा क्ष म्हणजे −ब/२, आणि य तिथेच किंमत घालून.

ब = ०, शिरोबिंदू (०, ३)
ब = २, शिरोबिंदू (−१, २)
ब = ४, शिरोबिंदू (−२, −१)
ब = ६, शिरोबिंदू (−३, −६)
ब = −२, शिरोबिंदू (१, २)
ब = −४, शिरोबिंदू (२, −१)

हे बिंदू एकाच आलेखावर टाकून जोड. वरून खाली पडणारा पॅराबोला मिळेल, य = ३ − क्ष². तपासून बघ, क्ष = −२ घातलं तर ३ − ४ = −१, बरोबर. क्ष = −३ घातलं तर ३ − ९ = −६, बरोबर. म्हणजे तुला दिसलेली कमान ही अशीतशी कमान नाहीये, मूळ पॅराबोलाच आहे, त्याच मापाचा, फक्त उलटा टांगलेला.

सिद्धता दोन ओळींची आहे. सरळ य = अक्ष² + बक्ष + क घे, शिरोबिंदू (म, न) म्हण. म = −ब/२अ, म्हणजे ब = −२अम. आता न काढ:

न = अम² + बम + क = अम² − २अम² + क = क − अम²

ब गायब झाला. म्हणजे ब काहीही असो, शिरोबिंदू कायम य = क − अक्ष² या वक्रावरच सापडणार.

आता ब करतो काय, तर दोन कामं एकदम करतो. ग्राफला आडवं ब/२अ ने डावीकडे सरकवतो आणि त्याच वेळी ब²/४अ ने खाली आणतो (अ आणि ब धन असताना). दोन्ही एकत्र म्हणून रस्ता वळतो. आणि हे दोन्ही एकदम का करावं लागतं, तर ग्राफला (०, क) मधून जाणं सोडता येत नाही. क्ष = ० घातलं की ब चं पद उडतं आणि य = क च राहतो, ब कितीही फिरव. नुसतं आडवं सरकवलं तर ग्राफ त्या बिंदूवरून सुटेल, म्हणून तेवढं खाली यावं लागतं. अ‍ॅपमध्ये स्लायडर फिरवताना शिरोबिंदूकडे न बघता वाय-अक्षाकडे बघ, तिथे एक बिंदू खिळा ठोकल्यासारखा जागचा हलत नाही आणि अख्खा ग्राफ त्याच्यातून सरकत जातो. त्या बिंदूपाशी ग्राफचा चढ बरोबर ब इतका असतो. ब धन असेल तर तिथे ग्राफ चढता, ऋण असेल तर उतरता, शून्य असेल तर सपाट, म्हणजे शिरोबिंदू तिथेच.

आकार मात्र अजिबात बदलत नाही हं. ब आणि क दोघंही नुसतं सरकवतात, रुंद-अरुंद करणं फक्त अ च्या हातात आहे.

जिओजेब्रामध्ये करत असशील तर शिरोबिंदू वेगळा बिंदू म्हणून टाक आणि त्याचा ट्रेस चालू कर, तो जाईल तिथे खुणा सोडत जाईल. मग वर य = ३ − क्ष² काढ, सगळ्या खुणा त्याच्यावर बसतील.

अकरावीची_वही

बापरे, आत्ताच करून बघितलं, सगळ्या खुणा तंतोतंत त्या वक्रावर आल्या!! वाय-अक्षावरचा बिंदू हलत नाहीये हे मी इतके वेळा स्लायडर फिरवूनही बघितलंच नव्हतं, नजर सगळी शिरोबिंदूवरच होती.

मग आता तिसरा राहिला. अ चा स्लायडर फिरवला तर शिरोबिंदू कुठे जातो? मी य = अक्ष² + ४क्ष + ३ घेतलंय. अ = १ ला (−२, −१), अ = २ ला (−१, १), आणि अ शून्याजवळ नेला की शिरोबिंदू स्क्रीनच्या बाहेरच पळतो, आणि मग अ ऋण केला की एकदम दुसऱ्या बाजूने, वरच्या कोपऱ्यातून आत येतो. हे कसं?

घन_आणि_वर्ग

मस्त. तूच दोन बिंदू काढलेस, (−२, −१) आणि (−१, १). अजून एक काढ, अ = −१ ला (२, ७). तिन्ही एका सरळ रेषेत आहेत, य = ३ + २क्ष.

कारण बघ, आता ब आणि क पक्के आहेत आणि अ ला घालवायचंय. म = −ब/२अ वरून अम = −ब/२. मग न = अम² + बम + क = −बम/२ + बम + क = क + बम/२. सरळ रेषा, चढ ब/२. तुझ्या उदाहरणात ब = ४ म्हणून चढ २. खिळा ठोकलेल्या बिंदूपाशी ग्राफचा चढ ४ आणि शिरोबिंदूच्या रेषेचा चढ त्याच्या बरोबर निम्मा.

अ = ०.१ ला शिरोबिंदू (−२०, −३७), अ = −०.१ ला (२०, ४३). दोन्ही त्याच रेषेवर, पण एक पार खाली डावीकडे आणि एक पार वर उजवीकडे. मधे अ = ० ला काय आहे? य = ४क्ष + ३, नुसती रेषा, तिला शिरोबिंदू नाहीच. म्हणून तो एका टोकाने निघून जातो आणि दुसऱ्या टोकाने येतो. उलट अ खूप मोठा केलास, १०० वगैरे, तर शिरोबिंदू (०, ३) च्या अगदी जवळ येईल पण त्यावर कधीच बसणार नाही, कारण त्यासाठी −ब/२अ शून्य व्हायला हवं आणि ब तर ४ आहे. तर क ने उभी रेषा, ब ने पॅराबोला, अ ने तिरपी रेषा.

श्रीधरांचा_चाहता

उशिरा आलो पण एक जोडतो, या सगळ्यात ते −ब/२अ लोक नुसतं सूत्र म्हणून वापरतात, ते कुठून येतं ते आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत फार सुंदर दिसतं. श्रीधराचार्यांची रीत अशी की समीकरणाला ४अ ने गुणायचं आणि मग ब² मिळवायचं, म्हणजे अपूर्णांकांच्या वाटेला न जाता पूर्ण वर्ग तयार होतो. ही रीत त्यांच्या नावाने भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सांगून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. ती तशीच य = अक्ष² + बक्ष + क ला लावली तर

४अय = (२अक्ष + ब)² − (ब² − ४अक)

आता कंसात शून्य पडलं की वर्ग सगळ्यात लहान, म्हणजे २अक्ष + ब = ०, क्ष = −ब/२अ. आलेखवाल्याने वर सांगितलं तेच, कंसात काय पडलं पाहिजे ते विचारायचं. आणि तिथे य = −(ब² − ४अक)/४अ. ते ब² − ४अक म्हणजे आपला विवेचक. म्हणजे शिरोबिंदूची उंची आणि विवेचक या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

याचा एक फायदा सांगतो. ग्राफ नुसता डावी-उजवीकडे सरकवला तर शिरोबिंदूची उंची बदलत नाही आणि अ पण बदलत नाही, म्हणून विवेचकही तसाच राहतो, दोन मुळं असतील तर दोन्ही बरोबरीने सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच. वर-खाली सरकवला तर मात्र मुळं जवळ येतात, एक होतात, नाहीशी होतात. शिरोबिंदू (म, न) माहीत असेल तर मुळं म ± √(−न/अ). वरच्या गणितात −८(क्ष + १)² + ७ आहे ना, मुळं −१ ± √(७/८). विवेचक काढत बसायची गरज नाही, शिरोबिंदू वर आहे आणि तोंड खाली आहे म्हणजे अक्ष दोनदा कापणारच.

झटपट_उत्तर

ते −८ कुठून आलं पण? वरच्या गणितात −२ होता.

श्रीधरांचा_चाहता

फ(क्ष) = (क्ष − ४)² − ३ घेतलं होतं ना आलेखवाल्याने, त्यात २क्ष + ६ घाला, (२क्ष + २)² − ३, म्हणजे ४(क्ष + १)² − ३. आतला २ वर्ग होऊन ४ म्हणून बाहेर आला. त्याला −२ ने गुणलं, −८(क्ष + १)² + ६, आणि १ मिळवून ७. पॅराबोलाची ही गंमत आहे, आडवं निम्मं आवळणं आणि उभं चौपट ताणणं यांचा आकार एकच दिसतो, शिरोबिंदू कुठे जाऊन पडतो त्यात तेवढा फरक. उभं चौपट ताणलं असतं तर (४, −३) चा (४, −१२) झाला असता, आडवं आवळलं तर (२, −३).

समांतर_रेषा

मुली, एक सोडवून दाखव आता. फ चा शिरोबिंदू (−२, ५), तोंड खाली. य = ३फ(१ − क्ष/२) − ४ चा शिरोबिंदू आणि तोंड कुठे?

अकरावीची_वही

कंसात −२ पडायला पाहिजेत.
१ − क्ष/२ = −२
क्ष/२ = ३
क्ष = ६
आणि य = ३ × ५ − ४ = ११. शिरोबिंदू (६, ११).

तोंड खालीच, कारण बाहेरचा ३ धन आहे आणि आतल्या वजाने फक्त डावं-उजवं बदलतं. नियमाने पण करून बघितलं मॅडम: १ − क्ष/२ म्हणजे −(क्ष − २)/२, मग −२ ला आरशात घेतलं २, दुप्पट पसरवलं ४, उजवीकडे २ सरकवलं ६. तेच आलं, पण समीकरण सोडवणं केवढं सोपं आहे.

समांतर_रेषा

दोन्ही बरोबर. तो आतला वजा बाहेर काढून (क्ष − २) केलंस ते विशेष आवडलं, बहुतेक जण तिथे १ ने सरकवतात. आता याच रीतीने साइन(२क्ष + π/३) चं पहिलं शिखर कुठे येतं ते काढ, साइनचं पहिलं शिखर π/२ ला असतं.

अकरावीची_वही

२क्ष + π/३ = π/२, म्हणून २क्ष = π/६, क्ष = π/१२. आणि ग्राफवर पण तिथेच आहे, बघितलं!